बायच्या गालांवरची लाली

आमच्या घरात कोळसा कधी विकत आणला नाही आणि कधी संपलाही नाही. बाबांची बैलगाडी होती. घाटाखालच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लागत. तिथून पोती भरून बाबा ती मुरबाडच्या वखारीत टाकत, कधी पार शहापूरला जाऊन येत. गाडी अंगणात सुटली की तळाशी सांडलेले तुकडे आय झाडून घेई आणि पडवीतल्या टोपलीत भरून ठेवी. त्यामुळं आमचं सगळंच काळं. बाबांचं धोतर काळं, बैलांच्या पाठी काळ्या, आणि अंगणातल्या कोंबड्या मुळात पांढऱ्या की करड्या हे पावसाळ्याशिवाय कळत नसे. गावात सगळ्यांच्या घरी चुलीत लाकडं जळत आणि बायका डोळे पुसत भाकऱ्या थापत. आमच्याकडं पाहुणा आला की आय शेगडी फुंकून त्याला बिनधुराचा चहा करून देई. "आमच्यात धूर नाय हो," हे ती अशा तोऱ्यात सांगे, की नवख्या माणसाला वाटावं या घरात सोन्याचे हंडे पुरले आहेत.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावापर्यंत ती काही आली नाही, पण दिव्यातलं रॉकेल मात्र घेऊन गेली. पेट्रोलही मिळेनासं झालं, तेव्हा मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या मोटारीला मागं एक मोठं लोखंडी पिंप बसवलं. त्यात कोळसा धुमसवायचा आणि त्यातून जो वायू निघेल त्यावर मोटार चालवायची. क्लीनर सकाळी पंखा फिरवून फिरवून घामाघूम होई, मग ती मोटार खोकत खोकत सुटे, आणि चढ आला की उतारू खाली उतरून तिला ढकलत. बाबा म्हणत, "माझे बैल बरे. चारा खातात, पन चढाला मला ढकलाया नाय लावत." तरी त्या मोटारीमुळं कोळशाची मागणी वाढली होती, बाबांच्या खेपा वाढल्या होत्या आणि आमच्या पडवीतली टोपली शिगोशिग भरलेली असे. मला ती भरलेली टोपली बघून बरं वाटे. घरात काहीतरी भरपूर असणं ही चैन आम्हाला दुसऱ्या कशात माहीतच नव्हती.

त्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिचं नाव मथुरा, पण मी तिला बायच म्हणे. आमच्या भागात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. तिला डोळखांबकडं दिली होती. तिथली शेतं डोंगराच्या पोटाशी, चिखल मांडीपर्यंत, आणि बाय दोन पावसाळे त्या चिखलात अनवाणी उभी राहिलेली. लग्नात ती हळदीशिवायसुद्धा पिवळीधमक दिसत होती. आता गाडीतून उतरली तेव्हा आयनं तिच्याकडं पाहिलं आणि हातातला तांब्या तसाच धरून राहिली. बाय पांढरीफटक झाली होती. ओठ पांढरे, नखं पांढरी. ओटीच्या पायऱ्या चढली आणि खांबाला धरून धापा टाकायला लागली, जणू माळशेज चढून आली आहे. आय तिच्या सासरच्यांना जे काही बोलली ते मी इथं लिहीत नाही. त्यांची नातवंडं हे वाचतील.

मग आयनं बायला लाल करायचा चंगच बांधला. नाचणीची भाकरी, गूळ, लाल माठ, शेवग्याचा पाला, सुकट, जे जे म्हणून कुणी रक्त वाढवतं म्हणून सांगितलं ते ते बायच्या ताटात पडू लागलं. बाय दोन घास खाई आणि ताट सरकवून देई. तिला हवी असे ती माती. बाळंतिणीसाठी माजघराच्या कोपऱ्यातली जी खोली रिकामी केली होती तिची भिंत कुडाची होती, कारवीच्या काठ्या उभ्या लावून शेणामातीनं लिंपलेली. बाय उशाशी बसून नखानं ती माती खरवडी आणि गुपचूप तोंडात टाकी. मी पाहिलं तर म्हणाली, "यमे, आयला नको सांगू गो. पावसाचा वास येतोय हिला." महिनाभरात तिथं एवढं भोक पडलं की बाहेरचा उजेड दिसायला लागला. आयला कळलं, पण ती रागावली नाही. म्हणाली, "डोहाळे हायत. खाऊ दे." आयचं हे असं होतं. ताटातलं टाकलं तर ओरडायची आणि भिंत खाल्ली तर हसायची.

मुलगी झाली. भिमाकाकी म्हणून गावची सुईण होती, तिनं नाळ कापली, पोर रडली, सगळं रीतीप्रमाणं झालं. बाय मात्र पार विरून गेली होती. थंडी कडाक्याची होती आणि बाळंतिणीला शेक हवा. तो सगळ्याच घरांत देत. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, खोली गरम ठेवायची. पण बाकीच्यांच्या घरी निखारे लाकडाचे, गोवऱ्यांचे. ते धुमसत, खोली धुरानं भरे, पोर ठसकलं की कुणीतरी चडफडत दार उघडी. आमच्याकडं ती अडचण नव्हती. बाबांनी पोरीसाठी भट्टीवरून खैराचा निवडक, खणखणीत कोळसा आणला होता. धूर नाही म्हटल्यावर दार उघडायचं कारणच उरलं नाही. वर माळा पेंढ्यानं गच्च भरलेला. आयनं दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, कुडाला नव्यानं शेण लिंपलं, आणि बायनं माती खाऊन पाडलेलं ते भोक तर आपल्या हातानं गोळा दाबून बुजवलं. त्या भोकातून थेट बायच्या डोक्याशी वारा येत होता.

वाऱ्याला आय इतकी का भीत होती ते सांगायला हवं. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती. ताप भरला, बडबडायला लागली आणि गेली. बाळंतवात झाला, असं सगळे म्हणाले. त्या खोलीचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं, वारं शिरलं, म्हणून ती गेली, हे आय जन्मभर धरून बसली होती. दार उघडं टाकणारी तीच होती की काय, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.

पाचवीच्या पूजेला बायका जमल्या आणि बायला बघून थक्क झाल्या. बायचे गाल लालबुंद झाले होते. ओठांवरसुद्धा रंग चढला होता. "काय गो चारलंस पोरीला?" असं एकीनं विचारलं, तर आय नुसती हसली आणि पदरानं शेगडीला वारा घालू लागली. भिमाकाकीनं बायच्या गालांवरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर मोडली. म्हणाली, "रक्त भरलं गो. तरली पोर." मला तर नाचावंसं वाटलं. एवढे दिवस आम्ही सगळे ज्या रंगाची वाट बघत होतो तो समोर दिसत होता. आज इतक्या वर्षांनीही आयचा त्या दिवशीचा चेहरा मला आठवतो. इतकी खूश मी तिला पुन्हा फारच थोड्या वेळा पाहिली.

बायचं डोकं मात्र दुखत होतं. ती म्हणायची, डोक्यावर कुणी पाटा ठेवलाय. त्यावर दृष्ट काढली. दुखणं राहिलंच. मग ती बोलेनाशी झाली, झोपूनच असायची. हाक मारली की डोळे उघडायची आणि आपण कोण हेच विसरल्यासारखी बघायची. मी दिवसभर तिच्याजवळ बसायचे, तर माझंही डोकं ठणकायचं. पाणी आणायला विहिरीवर गेले की उतरायचं, परत खोलीत बसले की चढायचं. आय म्हणाली, "कामाचं डोकं दुखणं हाय तुझं." तेही खोटं नव्हतं.

एका सकाळी पोर दूध पिईना. तोंडात दिलं तरी ओढीना, चिमटा काढला तरी नुसती कण्हे. बाबा नुकतेच खेपेवरून आले होते. त्यांनी खोलीच्या दाराशी उभं राहून बायला दोन हाका मारल्या. बायनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. बाबांनी सोडलेले बैल तसेच परत जुंपले. म्हणाले, "मुरबाडला नेतंय हिला, डागदराकडं."

"एवढ्या थंडीत? वाऱ्यात?" आय ओरडली. "अंगावर एवढं रक्त आलंय पोरीच्या, ते घालवतंस काय?"

बाबांनी गाडीवर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर चढवलं, खाली पेंढा पसरला. मग आय कामाला लागली. न्यायचंच असेल तर नीट न्यायचं. तिनं छपरावर घोंगड्या टाकल्या, पुढून आणि मागून गोधड्यांचे पडदे सोडले, त्यांच्या कडा दोरीनं आवळल्या. आणि मधोमध, पेंढा पेटू नये म्हणून घमेल्यात बसवून, ती शेगडी ठेवली. फुललेली, बिनधुराची. आत बाय निजली, पोर आयच्या मांडीवर, मी पायाशी. बाबा पुढं पडद्याबाहेर बैलांमागं बसले. घुंगरांचा आवाज, चाकांचा करकराट, आणि आत तो उबदार लाल अंधार. मला आठवतं, पहिल्यांदा मला फार सुखाचं वाटलं होतं.

थोडी वाट सरली आणि माझं डोकं फुटायला लागलं. मग मळमळलं. ओकारी आवरेना म्हणून मी मागच्या पडद्याची दोरी सोडून डोकं बाहेर काढलं आणि रस्त्यावर ओकले. पडदा तसाच उघडा राहिला. माळावरचा गार वारा आत घुसला. मी तोंड पुसत बसले, इतक्यात मागून आवाज आला, "यमे, कुठं आलो गो आपन?" बाय बोलत होती. दोन दिवसांत ती एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. आयनं "वारं, वारं!" करत झडप घालून पडदा पाडला, दोरी आवळली. पुढच्या वळणापर्यंत बायचे डोळे परत मिटले.

मी तिच्याकडं बघत राहिले. मग आयची नजर चुकवून पडद्याची कड हळूच उचलली आणि वारा बायच्या तोंडावर येईल असा हात धरला. बऱ्याच वेळानं बायच्या पापण्या हलल्या. आयचं लक्ष गेलं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि पडदा पाडला. बाय पुन्हा निजली. विहिरीवर गेले की माझं डोकं का उतरतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी किंचाळले, "बाबा, गाडी थांबवा! शेगडी बायला मारतेय!"

गाडी थांबली. बाबांनी पुढचा पडदा वर केला. आय पडदा खाली ओढत ओरडली, "हिचं डोकं फिरलंय. वारं लागलं तं पोर जाईल माझी. माझी भैन गेली तशी जाईल." मी रडत रडत जसं सुचेल तसं सांगितलं, की पडदा उघडला की बाय जागी होते, पाडला की निजते, माझंही डोकं तसंच. बाबा ऐकत राहिले. ते बोलायला मुळातच सावकाश. बैलांना विचारून बोलतात, असं आय म्हणायची. शेवटी म्हणाले, "भट्टीला भोक पडलं की वाऱ्याच्या खालच्या अंगाला आमी कुनी निजत नाय. निजला तो उठत नाय."

"ती भट्टी," आय म्हणाली. "ही शेगडी हाय. घरातली."

"कोळसा तोच हाय गो," बाबा म्हणाले. रानातल्या भट्टीला ते जन्मभर भ्यायले होते, घरातल्या शेगडीला कधी नाही. त्या दोन्हींत एकच वस्तू जळते हे त्यांनाही तिथंच उमगलं असावं. त्यांनी घमेलं उचललं, रस्त्याच्या कडेला नेलं आणि ओतून दिलं. मग पुढचा-मागचा असे दोन्ही पडदे गुंडाळून वर बांधले आणि बैल हाकले.

त्यापुढची वाट मला आठवते ती भीतीनं. आयनं बायचं डोकं आपल्या मांडीत घेतलं होतं, पदरानं तिचे कान झाकले होते आणि माझ्याकडं बघून ती म्हणाली होती, "काय झालं तं तुझ्या माथ्यावर." मी चौदा वर्षांची पण नव्हते. वारा सुसाट येत होता. मी बोलावलेला वारा. बायला हुडहुडी भरली की माझा जीव गोळा व्हायचा. वाटायचं, आय खरी आणि मी खोटी असेन तर? सरळगाव जवळ आलं आणि पोर रडली. कसली रडली! बैलांनी कान टवकारले. आयनं तिला उचलून बायच्या छातीशी धरलं, आणि पोर चुटूचुटू ओढू लागली. आयनं मग पडदे पाडले नाहीत.

मुरबाडला पोचेपर्यंत बाय बसायला लागली होती, पाणी मागत होती. पण तिच्या गालांवरची लाली उतरली होती. ती पुन्हा पहिल्यासारखी पांढरीफटक दिसत होती. ते पाहून आयचा धीर सुटला. दवाखान्याच्या पायरीवरच तिनं टाहो फोडला, "रक्त गेलं गो माझ्या पोरीचं! वाऱ्यानं नेलं!"

डॉक्टर घाटावरचे, तरुण, चष्मेवाले. त्यांनी बायची खालची पापणी ओढून आत पाहिलं, नखं पाहिली, विचारलं, "माती खातेस का ग?" बाय लाजली. मग बाबांनी सगळं सांगितलं. लाल गाल, झोप, पडदा, शेगडी. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "शेगडी कुठाय आता?" "रस्त्यात वतली." त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. म्हणाले, "कोणी सांगितलं ओतायला?" बाबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मला वाटलं, आता इथंही मार.

डॉक्टरांनी बाबांना विचारलं, धंदा काय? गाडी हाकतो म्हटल्यावर ते खूश झाले. म्हणाले, "मग तुम्हाला लगेच कळेल. रक्तात लाल रंगाचं एक द्रव्य असतं. हिमोग्लोबिन म्हणतात त्याला. ते म्हणजे गाडी. छातीत, फुफ्फुसात, हवेतला प्राणवायू त्या गाडीत भरायचा आणि मेंदूपासून पायाच्या बोटापर्यंत घरोघर उतरवायचा. मग रिकामी गाडी परत."

"रिकामी कशी?" बाबा म्हणाले. "रिकामी गाडी आनली तं बैलाचा चारा निघंल काय? जाताना कोळसा, येताना मीठ."

डॉक्टर हसले. "बरोबर. येताना थोडा टाकाऊ वायू आणते. त्या गाडीत लोखंड असतं. त्या लोखंडालाच प्राणवायू धरतो."

"धाव असंल," बाबा म्हणाले. चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतात. डॉक्टरांनी ते मान्य करून टाकलं.

"तुमच्या पोरीच्या अंगात लोखंड कमी, म्हणून गाड्याच कमी. म्हणून ती पांढरी, म्हणून धाप, म्हणून माती खाते. ती चिखलात अनवाणी उभी राहते ना? पोटात जंत होतात त्यानं, ते रक्त पितात. आणि त्यात ही शेगडी. कोंडलेल्या खोलीत कोळसा जळला की एक वायू निघतो. त्याला धूर नाही, वास नाही. कल्याणची मोटार चालते ना, ती त्याच वायूवर. तो प्राणवायूच्या आधी जाऊन गाडीत बसतो आणि असा चिकटतो की उतरता उतरत नाही. गाड्या रस्त्यानं फिरतायत, भरलेल्या दिसतायत, पण कुणाच्या घरी माल पोचत नाही."

"आन् ती लाल जाली ती?" आयनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"शेगडीची धग होती, आणि त्या वायूनं भरलेलं रक्तही लालभडक दिसतं, आई. कधी दिसतं, कधी नाही. हिचं दिसलं. तुम्ही गाडीचा रंग पाहिलात. आत माल कुठला, ते रंगावरून कळत नाही."

आय खाली बघत म्हणाली, "मंग आता परत पांढरी?"

"हा तिचा खरा रंग आहे. आता इथून वर चढवू," डॉक्टर म्हणाले. "मोकळ्या हवेत तो वायू हळूहळू सुटतो. वाटेतला वारा हेच तिचं औषध झालं."

इथं मला आत्ताची एक गोष्ट सांगावीशी वाटते. मागं साथीच्या दिवसांत माझ्या नातीनं बोटाला लावायचा एक चिमटा आणला. आत लाल दिवा लागतो आणि रक्तात प्राणवायू किती ते आकड्यात दिसतं. ती डॉक्टर आहे. मी तिला बायची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, तेव्हा हा चिमटा असता तर? ती म्हणाली, "आजी, हा पण फसला असता. शेगडीचा वायू भरलेलं रक्त याला प्राणवायूनं भरलेलंच वाटतं. आकडा चांगला दाखवला असता." मला त्या यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटली. म्हटलं, म्हणजे हे आमच्या आयच्या वळणावर गेलंय.

डॉक्टरांनी आम्हाला दोन दिवस ठेवून घेतलं. मग लोखंडाचं औषध दिलं, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवलेलं. ते पिऊन बायचे दात काळे झाले. बाबा म्हणाले, "शेवटी कोळशावाल्याची पोर शोभलीस." घरी आलो तेव्हा खोलीच्या दाराशी आय अडली. शेगडी कुठं ठेवायची? बाबा आत गेले, आयनं बुजवलेल्या त्या भोकात त्यांनी अंगठा घातला आणि लिंपण पाडून टाकलं. आयनं ते पाहिलं. मग तिनं शेगडी उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली. भिमाकाकी गावभर सांगत सुटली, की पोरीला वाऱ्यावर टाकलीन्. बायका बाळंतिणीला बघायला येत आणि ते भोक बघून जात. आय त्यांच्याशी भांडली नाही, आमची बाजूही घेतली नाही. माझ्याशी तर ती होळीपर्यंत कामापुरतंच बोलत होती. मला त्याचं फार वाईट वाटे. बाय जगली होती, आणि तरी आय माझ्यावर का रुसली आहे हे मला कळत नसे. आता कळतं. मी खरी ठरले म्हणजे ती खोटी ठरली होती, आणि तिनं तर सगळं मायेपोटी केलं होतं.

होळीच्या सुमाराला बाय विहिरीवरून दोन हंडे घेऊन आली आणि पायरीवर थांबली नाही. आय चुलीपुढं होती. बाय तिच्यासमोर वाकली, बोटानं आपली खालची पापणी ओढली आणि म्हणाली, "बघ गो आये. जाली का लाल?" आयनं तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली. बराच वेळ ती त्या डोळ्यात बघत होती. म्हणाली, "जाली." आणि मग, माझ्याकडं न बघता, "यमे, बस. जेव." त्या दिवशी माझ्या ताटात सुकटीचा मोठा वाटा पडला.

शेगडी चुकली असं आय पुढंही कधी म्हणाली नाही. बाळंतवाताची भीतीही तिनं सोडली नाही. वारं सुटलं की ती अजून पदर कानावर ओढून घ्यायची. पुढं माझं लग्न शहापुरात झालं आणि पहिल्या बाळंतपणाला मी घरी आले. तोच महिना, तीच थंडी. बाबा मला हाताला धरून त्या खोलीत घेऊन गेले, आणि मी दारातच थांबले. बायनं जिथली माती खाल्ली होती तिथं आता खिडकी होती. कुड कापून सागाची चौकट बसवलेली, आडवे दांडे, वर छोटीशी छपरी. मी बाबांकडं बघितलं. ते म्हणाले, "मी नाय. तिनं सुताराला बोलवलं. माझ्या मागं लागून फळ्या आनवल्या."

मुलगा झाला तेव्हा पहाट फुटत होती. भिमाकाकीनं पोराला पुसलं, गुंडाळलं आणि सवयीनं खिडकी लावायला फळीकडं हात नेला. गारठा खरंच फार होता. आय माझ्या उशाशी बसली होती. तिनं आधी आपल्या पदरानं माझे दोन्ही कान घट्ट बांधले, गाठ मारली. मग भिमाकाकीचा हात धरून बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे उघडी," आय म्हणाली. "गाडी भरू दे."